उतरण्याआधीचं एक मिनिट

25 जुलै 2022 च्या सकाळी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एक छोटं विमान शेतात कोसळलं. बारामतीहून निघालेलं ते सेस्ना 152 जातीचं विमान होतं आणि आत बावीस वर्षांची प्रशिक्षणार्थी वैमानिक एकटीच होती. गावकरी धावले. तिला किरकोळ जखमा झाल्या होत्या, जीव वाचला. त्याआधी, फेब्रुवारी 2019 मध्ये, त्याच तालुक्यात रुईजवळ प्रशिक्षणाचं विमान पडून विद्यार्थी जखमी झाला होता. मे 2023 मध्ये बेळगावजवळच्या होन्निहाळला एक विमान शेतात उतरवावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामती परिसरात चार दिवसांत दोन विमानं पडली, 19 तारखेला कटफळजवळ आणि 22 तारखेला गोजुबावीजवळ. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, ही दोन विमानं चालवणाऱ्या संस्थेचं सगळीकडचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं.

यादीतली नावं पाहिली तर ती सगळी शेतशिवारांची आहेत. पायलट व्हायला निघालेली मुलं या शिवारांवरून रोज जातात. बारामती ते कोल्हापूर अशी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती सांगली जिल्ह्यातल्या कडेगावपासून सात-आठ किलोमीटरवरून जाते. मोहरमच्या उंच ताबुतांसाठी महाराष्ट्राला ठाऊक असलेलं हे गाव विमान उतरवण्याच्या चर्चेत सहसा येत नाही. पण पश्चिमेला वीस किलोमीटरवर कराडची धावपट्टी आहे. कोयना धरणाच्या कामासाठी ती 1955 मध्ये बांधली गेली आणि तिची लांबी जेमतेम 1280 मीटर आहे. तेव्हा या भागातल्या माणसाला विद्यार्थी वैमानिक कसा उतरतो आणि कुठे चुकतो, हे समजून घेण्याचं कारण आहे.

आधी ही मुलं आकाशात एकटी का असतात ते पाहू. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला आपल्याकडे किमान 200 तास उड्डाण करावं लागतं. त्यातले 100 तास स्वतःच्या जबाबदारीवर, म्हणजे विमानाचा कप्तान म्हणून. शिवाय किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचा, एक लांबचा प्रवास करावा लागतो आणि त्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावं लागतं. शिकणाऱ्यांच्या भाषेत ही ‘क्रॉस-कंट्री’. पहिल्यांदा इन्स्ट्रक्टर खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्याला पाठवतो, ती ‘सोलो’. सोलोच्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी असल्यामुळे विमान हलकं होतं, झपकन वर चढतं आणि उतरताना नेहमीपेक्षा जास्त तरंगतं. चूक झाली तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणणारं कुणी नसतं. तरीही सोलोशिवाय वैमानिक घडत नाही. उतरण्याचा निर्णय एकट्यानं घेता येतो की नाही, हे एकट्यानं उतरूनच कळतं.

उड्डाणाचा सगळ्यात धोक्याचा भाग कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण इंजिन बंद पडण्याचं नाव घेतात. जगभरातल्या नोंदी मात्र वेगळं सांगतात. छोट्या विमानांचे सर्वाधिक अपघात उतरताना होतात आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे आणखी ठळक दिसतं. त्यातले बरेच अपघात जीवघेणे नसतात. पुढचं चाक मोडतं, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला घासतो, विमान धावपट्टी सोडून गवतात जातं. वर्तमानपत्रात त्यांना चार ओळी मिळतात किंवा तेवढ्याही मिळत नाहीत. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त मात्र त्यांच्यातच असतं.

उतरणं म्हणजे चाकं टेकण्याचा क्षण, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो क्षण शेवटचा असतो आणि तो चांगला जाणार की वाईट, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. धावपट्टीभोवती विद्यार्थी एक आयताकृती फेरी मारतो, तिला सर्किट म्हणतात. जमिनीपासून हजार फूट, म्हणजे सुमारे 300 मीटर उंचीवरून तो धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जातो, मग काटकोनात वळतो, पुन्हा वळतो आणि धावपट्टीच्या सरळ रेषेत येतो. ही शेवटची सरळ वाट म्हणजे ‘फायनल’. समजा तिथे उंची 500 फूट आहे, विमान मिनिटाला 500 फूट खाली येतंय आणि वेग 60 नॉट, म्हणजे ताशी 111 किलोमीटर आहे. आता त्याच्या हातात एक मिनिट आणि पावणेदोन-दोन किलोमीटरचं अंतर उरलं. या मिनिटात त्याला वेग, उंची, वाऱ्याचा रेटा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या), रेडिओवरचं बोलणं आणि पुढे कुणी धावपट्टीवर आहे का, हे सगळं सांभाळायचं असतं. नियंत्रण मनोरा नसलेल्या धावपट्टीवर तर वैमानिक एकमेकांना रेडिओवर आपापली जागा सांगत उतरतात, त्यामुळे कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवावे लागतात.

यातली मुख्य गोष्ट वेग. सेस्ना 152 हे दोन आसनांचं, जास्तीत जास्त 757 किलो वजनाचं विमान. कागदावर पाहिलं तर चाकं टेकल्यापासून थांबायला त्याला दीडशे-दोनशे मीटर धावपट्टी पुरते. बारामतीची धावपट्टी 1770 मीटरची आहे, कराडची 1280 मीटरची, म्हणजे दोन्ही ठिकाणी जागा भरपूर. मग विमानं धावपट्टीबाहेर का जातात? कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 60 नॉटऐवजी 70 नॉटनं आलेला विद्यार्थी फक्त दहा नॉट जास्त आणतो, पण विमानात ऊर्जा 36 टक्के जास्त असते. ती कुठेतरी खर्च व्हावीच लागते. एक तर विमान जमिनीवर तरंगत राहतं, नाहीतर टेकून उसळतं, नाहीतर ब्रेकवर उभं राहिलं की टायर घासतो.

तरंगण्याचं कारण फार सुंदर आहे. विमान जमिनीच्या जवळ, म्हणजे पंखांच्या एकूण लांबीपेक्षा कमी उंचीवर आलं की जमीन पंखांच्या टोकांशी उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांना मोकळेपणी फिरू देत नाही. त्यामुळे विमानाला मागे ओढणारा विरोध कमी होतो. सेस्ना 152 चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दहा मीटर आहेत. म्हणजे शेवटच्या काही मीटरांत विमान अचानक सुळसुळीत होतं आणि खाली बसायला तयार होत नाही. अनुभवी वैमानिक इथे काहीच करत नाही, थांबतो. इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल मागे ओढलेला, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर, आणि योक, म्हणजे नाक वर-खाली करणारं हातातलं चाक, हळूहळू मागे घेत तो विमानाला जमिनीपासून वीतभर वर धरून ठेवतो. वेग आपोआप गळतो, पंखांची ताकद संपते आणि मागची दोन चाकं आधी टेकतात. या नाक उचलण्याच्या कृतीला ‘फ्लेअर’ म्हणतात. ती शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ती पाठ करता येत नाही. पाच-सहा मीटर उंची म्हणजे नेमकी किती, हे डोळ्यांना शेकडो वेळा पाहूनच उमगतं.

नवशिक्याची नजर मात्र चाकांच्या पुढ्यातल्या डांबरावर असते. जवळची जमीन भर्रकन मागे पळताना दिसते, उंचीचा अंदाज चुकतो आणि तो एक तर फार वर फ्लेअर करतो किंवा करतच नाही. धावपट्टीची रुंदीही फसवते. रुंद धावपट्टीवर सराव केलेला विद्यार्थी अरुंद पट्टीवर आला की त्याला आपण आहोत त्याहून उंचावर आहोत असं वाटतं. म्हणून तो नकळत खाली येतो.

आता उसळी. विमान जोरात टेकलं की ते पुन्हा वर उडतं. त्या क्षणी विद्यार्थ्याला दिसतं की नाक वर आहे आणि जमीन दूर चालली आहे. हात स्वाभाविकपणे योक पुढे ढकलतो. विमान नाकावर येतं, पुढचं चाक आपटतं, पुन्हा उसळी, या वेळी आणखी उंच. बऱ्याचदा तिसऱ्या आपटीला पुढच्या चाकाचा पाय मोडतो आणि फिरता पंखा जमिनीत घुसतो. हे सगळं चार-पाच सेकंदांत घडतं. विमानाचं पुढचं चाक वजन पेलायला नसतं, ते मुख्यतः दिशा धरायला असतं. उतरताना धक्का सोसायचा तो मागच्या दोन चाकांनी. जमिनीला घासलेला पंखा बदलून भागत नाही. त्या झटक्यानं इंजिनच्या आतल्या दांड्याला तडा गेलेला असू शकतो, म्हणून अख्खं इंजिन उघडून तपासावं लागतं.

आपल्या भागात याला दोन गोष्टींची भर पडते. पहिली उष्णता. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, कराडही त्याच पट्टीत येतं. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाण वातावरणात 1600 मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीलाही मागे टाकते. विरळ हवेत विमानाच्या काट्यावर 60 नॉटच दिसतात, पण जमिनीवरून ते त्याहून सुमारे आठ टक्के जास्त वेगानं सरकत असतं. विद्यार्थ्याला वाटतं आज आपण फार जोरात येतोय. तो वेग कमी करायला जातो आणि पंखांची वर उचलण्याची ताकद संपण्याच्या मर्यादेजवळ येतो. डोळ्यांवर नाही, काट्यावर विश्वास ठेव, हे इन्स्ट्रक्टरला तेव्हा पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट विमानाला फायनलवर वर फेकतात आणि शेजारच्या भिजवलेल्या शेतावर तेच विमान खाली दबतं. म्हणून उन्हाळ्यात नवख्यांचं उड्डाण सकाळी लवकर झालेलं बरं.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातला वारा. जून ते सप्टेंबर दख्खनवर पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून वारा वाहतो. बारामतीची धावपट्टी ढोबळ मानानं पश्चिम-वायव्य ते पूर्व-आग्नेय अशी आहे, म्हणून नैऋत्येचा वारा तिला तिरका येतो. कृष्णेला पाणी असताना पैलतीरावरच्या नेमक्या घाटाला लागायचं तर पोहणारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून पोहतो. वैमानिकही तसंच विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं आणतो. पण चाकं टेकण्याआधी त्याला नाक पुन्हा धावपट्टीच्या रेषेत आणावं लागतं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवावा लागतो. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. ते जमलं नाही तर विमान तिरकं टेकतं, चाकांवर आडवा झटका बसतो आणि ते फिरून गवतात जातं. सेस्ना 152 च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा दाखवून दिलेला आकडा 12 नॉट, म्हणजे ताशी 22 किलोमीटर आहे. चाचणी वैमानिकानं करून दाखवलेली ती गोष्ट आहे. चाळीस तासांच्या विद्यार्थ्यानं त्याच आकड्यापर्यंत जावं, असा त्याचा अर्थ नाही. त्याची मर्यादा इन्स्ट्रक्टरनं वेगळी आखून द्यायला हवी आणि ती पाळली जातेय का, हे उड्डाणाआधी पाहायला हवं.

या सगळ्यात सर्वात घातक चूक धावपट्टीवर होत नाही, फायनलकडे वळताना होते. वळण उशिरा घेतलं की विमान धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे जातं. ते परत आणायला विद्यार्थी जास्त कलतो, पायानं नाक जबरदस्तीनं आत ओढतो आणि खाली पडणारं नाक हातानं वर धरतो. 45 अंश कललेल्या विमानाला तरंगत राहायला नेहमीपेक्षा सुमारे 19 टक्के जास्त वेग लागतो, 60 अंशांना 41 टक्के. तेवढा वेग नसला तर एक पंख आधी गळतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. दीड-दोनशे मीटर उंचीवर त्यातून सावरायला जागा नसते. रेषा चुकली की वळण घट्ट करायचं नाही, सरळ वर निघून जायचं.

याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक सावरायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर घ्यायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचं. वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक चुकीवर हाच उपाय आहे: वेग जास्त, रेषा चुकली, पहिली उसळी बसली, वारा अचानक फिरला, धावपट्टीवर कुत्रं आलं. माझ्या मते, विद्यार्थ्यांचे उतरतानाचे अपघात हे हातांच्या चुकांपेक्षा न घेतलेल्या गो-अराउंडचे अपघात असतात. चूक होणारच, ती तर शिकण्याची जागा आहे. पण चुकलेलं उतरणं ओढूनताणून पूर्ण करण्याचा हट्ट कुठून येतो?

तो बराचसा जमिनीवरून येतो. परवान्यासाठी लागणारा खर्च लाखांत असतो. सांगली-साताऱ्याकडच्या अनेक घरांत त्यासाठी कर्ज निघतं, जमिनीचा तुकडा विकला जातो. प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात आणि आणखी एक फेरी म्हणजे आणखी काही मिनिटं. खाली इतर विद्यार्थी पाहत असतात. तास पूर्ण करायची घाई संस्थेलाही असते, विद्यार्थ्यालाही. अशा वेळी 22 वर्षांच्या मुलीनं किंवा मुलानं ‘जमत नाहीये, परत येते’ म्हणणं सोपं नाही. म्हणून हे म्हणणं सोपं करणं ही इन्स्ट्रक्टरची, संस्थेची आणि घरच्यांची जबाबदारी आहे. फोनवर ‘आज सोलो झालं का?’ विचारणाऱ्या आईवडिलांनी ‘आज किती वेळा परत वर गेलीस?’ असंही विचारावं, आणि उत्तर ऐकून शाबासकी द्यावी. ज्या संस्थेत गो-अराउंडबद्दल विद्यार्थ्याला खुलासा द्यावा लागतो, तिथे आपलं मूल पाठवू नये, इतकं हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता धावपट्टी सोडून शेतात उतरावं लागतं तेव्हा काय होतं ते पाहू. इथे कडेगाव परिसर डोळ्यांपुढे आणावा. समजा क्रॉस-कंट्रीवर निघालेल्या विद्यार्थ्याचं विमान या भागावर जमिनीपासून 3000 फूट, म्हणजे सुमारे 900 मीटर उंच आहे आणि इंजिनची ताकद गेली. सेस्ना 152 दगडासारखं पडत नाही. पंखा फिरायचा थांबला तरी ते दर एक मीटर उंची खर्चून सुमारे नऊ मीटर पुढे जातं. म्हणजे आठ किलोमीटर आणि चार मिनिटांच्या आसपास. कराडची धावपट्टी वीस किलोमीटरवर, तिचा विचारच करायचा नाही. याच चार मिनिटांत इंधनाचा खटका, कार्ब्युरेटरची उष्णता तपासायची, रेडिओवर ‘मेडे’, म्हणजे संकटाचा इशारा, सांगायचा आणि शेत निवडायचं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान इतकं उतरतं की दमट हवेत बाहेर 25 अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. पावसाळ्यात या भागातून उडणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

शेत निवडणं तीस-चाळीस वर्षांपूर्वी इथे सोपं गेलं असतं. कडेगाव-खानापूरचा भाग तेव्हा दुष्काळी, उघडी माळरानं आणि ज्वारी-बाजरीची रानं. ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला आणि शिवार हिरवं झालं. त्या पाण्यासाठी इथल्या माणसानं फार वाट पाहिली. पण वरून उतरायला जागा शोधणाऱ्याच्या दृष्टीनं हे शिवार आता वेगळं आहे. उंच उभा ऊस वरून गुळगुळीत हिरवळीसारखा दिसतो आणि त्याची उंची दोन मीटर की चार, हे अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. द्राक्षबागेत लोखंडी खांब आणि ताणलेल्या तारा असतात. शेततळी आहेत, विहिरी आहेत, दगडी बांध आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक विहिरीकडे, प्रत्येक पंपाकडे गेलेल्या विजेच्या तारा. त्या वरून दिसतच नाहीत, फक्त खांब दिसतात. म्हणून शिकवताना सांगतात की तार शोधू नकोस, खांब शोध, आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहे असंच समज. तार काय करते याचं दुःखद उदाहरण एप्रिल 2017 मधलं आहे. गोंदियाहून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर ताणलेल्या दोरमार्गाच्या तारेला धडकलं आणि इन्स्ट्रक्टर व विद्यार्थिनी दोघेही गेले.

मग बरं शेत कोणतं? नुकतं नांगरलेलं, मोठ्या ढेकळांचं रान चाकं अडकवतं आणि विमान उलटं होऊ शकतं. भुईमूग, हरभरा यांसारखं बुटकं पीक, गवताळ माळ, किंवा कापणी झालेलं कोरडं रान चांगलं. सरी असेल तर सरीच्या दिशेनं, शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून, आणि शक्य तितक्या कमी वेगानं पण उडतं विमान हातात ठेवून जमिनीला भेटायचं. विमान वाचवण्याचा मोह इथे सोडावा लागतो. पंख झाडाला लागून तुटले तरी चालतील, ते धक्का शोषून घेतात; माणसं बसलेला मधला भाग सावकाश थांबला पाहिजे. 35-40 नॉटनं, नियंत्रणात ठेवून उतरवलेल्या छोट्या विमानातून माणसं चालत बाहेर येण्याची शक्यता चांगली असते.

अशा वेळी शेवटचा वाटा गावकऱ्यांचा असतो, आणि तो मोठा असतो. विमान शेतात पडलं की लोक धावतात. ते धावणंच अनेकदा पहिली मदत ठरतं. काही गोष्टी मात्र माहीत असाव्यात. या विमानांचं इंधन पेट्रोलच्या जातीचं असतं आणि टाक्या पंखांत असतात. पंख फाटला की ते जमिनीवर सांडतं, तेव्हा आसपास विडी-सिगारेट नको, मोटारसायकल सुरू करू नये. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नये. विमान विजेच्या तारेत अडकलं असेल तर महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नये. आतली व्यक्ती शुद्धीवर असेल आणि आग नसेल, तर ओढून काढण्याआधी मान-पाठ दुखते का, विचारावं आणि 112 ला फोन करावा. आग लागली किंवा इंधन पेट घेईल असं दिसलं, तर मात्र वेळ न घालवता पट्टा सोडवून बाहेर काढावं.

माणूस बाहेर आला की विमानाला हात लावू नये, तुकडे उचलून नेऊ नयेत, खटके हलवू नयेत. इंधनाचा खटका कुठे होता, फ्लॅप किती खाली होते, पंख्याची पाती कोणत्या बाजूला वाकली, यावरून इंजिन धडकेच्या वेळी ताकद देत होतं की नाही, हे तपासणाऱ्यांना कळतं. भारतात अशी चौकशी 2012 मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या चौकशीचा हेतू दोषी ठरवणं हा नसतो, पुढचा अपघात टाळणं हा असतो. त्या अहवालात शेतकऱ्यानं पाहिलेली गोष्टही मोलाची ठरते: विमान येताना आवाज येत होता का, धूर होता का, ते कोणत्या बाजूनं वळलं. पाहिलं तेवढंच सांगावं, ऐकलेलं त्यात मिसळू नये, आणि मोबाइलवर काढलेलं चित्रण गटांवर फिरवण्याआधी पोलिसांकडे द्यावं.